अठ्ठावीस दिवसांच्या बाटल्या

“ए! ए, थांब! ओतू नकोस—”

पण तोवर तिरिलने थर्मासच्या झाकणातली गार झालेली कॉफी धक्क्याच्या कडेवरून समुद्रात फेकून दिली होती.

सकाळचे सव्वासात वाजले होते. सप्टेंबर नुकता लागला होता, आणि नॉर्वेतल्या स्टावांगरचा पाऊस नेहमीप्रमाणे वरून न पडता बाजूने येत होता. धक्क्याच्या टोकाला पिवळ्या रेनकोटातला एक माणूस गुडघ्यांवर बसला होता. हातात दोरी, दोरीला बादली. तो तिरिलकडे असा बघत होता, जणू तिने त्याच्या ताटातच चूळ भरली आहे.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही. ते पाणी मला हवं होतं. बिनकॉफीचं.”

“अख्खा समुद्र पडलाय की पुढे! माझ्या एका घोटाने काय होणार आहे?”

“असंच म्हणतात सगळे,” तो म्हणाला आणि शांतपणे दोरी गुंडाळायला लागला.

‘एवढ्याशाने काय होणार आहे’ हे वाक्य ऐकून गेली तीन वर्षं ती स्वतःच लोकांवर उखडत आली होती. आज ते तिच्याच तोंडून किती सहज निघालं! तिला चांगलीच लाज वाटली. पायाशी ठेवलेला नमुन्याचा डबा उचलून ती त्याच्या मागोमाग धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला गेली.

“सॉरी. प्रयोगशाळा आठला उघडते, म्हणून थांबले होते. मला हा डबा—”

“नको!” त्याने हात वर केला. “डब्यात काय आहे ते सांगू नकोस. तुझी कंपनी कुठली तेही सांगू नकोस.”

“का?”

“नमुने तपासणारा मीच. खिडकीतून डबा आत येतो, त्यावर नंबर पडतो, आणि मग माझ्याकडे येतो. कुणाचा कुठला हे मला कळता कामा नये.”

“मग मी तुझ्याशी बोलू तरी काय?”

त्याने जरा विचार केला. “हवामान चालेल.”

“पाऊस पडतोय.”

“बघ, जमतंय की तुला!”

ती हसली. तो मात्र हसला नाही. त्याने बादली खाली सोडली, भरून वर ओढली, आणि पाणी इतक्या हळुवार हाताने काचेच्या बरणीत ओतलं की तिरिलला उगाचच त्या पाण्याचा हेवा वाटला. त्याची बोटं गारठून लाल झाली होती. आठ वाजता दार उघडलं तेव्हा त्याने तिच्यासाठी ते धरून ठेवलं आणि विचारलं, “नाव तर विचारता येईल ना? नावात काही नियम मोडत नाही.”

“तिरिल.”

“सिग्वे,” तो म्हणाला, आणि बरणी छातीशी धरून आतल्या दाराने निघून गेला.

*

तिरिल चिखल बनवायची.

समुद्राच्या तळाखाली तेलाची विहीर खणताना ड्रिलभोवती एक दाट पाणी सतत फिरवत ठेवावं लागतं. तेच दगडाचा चुरा वर आणतं, ड्रिल थंड ठेवतं आणि विहिरीच्या भिंती सावरून धरतं. धंद्यातले लोक त्याला नुसतं चिखल म्हणतात. तिरिलने चार वर्षं समुद्रात उभारलेल्या तेलाच्या एका फलाटावर हा चिखल सांभाळला होता. तिथेच एके दिवशी तळाशी सोडलेल्या कॅमेऱ्यात तिने एक ढीग पाहिला. तीस वर्षांपूर्वीच्या विहिरीचा चुरा, तेलकट चिखलात माखलेला. तीस वर्षं लोटली, तरी तो चकाकत होता. त्याच्यावर एक शिंपला नाही, एक किडा नाही. बाकीचे लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहून सँडविच खात होते. तिरिलने मात्र आपलं सँडविच पुन्हा गुंडाळून ठेवलं.

त्या हंगामानंतर ती किनाऱ्यावर आली ती वेगळा चिखल बनवायचा असं ठरवूनच. काम झाल्यावर समुद्राने खाऊन टाकावा, असा. बटाट्याच्या पिठुळातून, म्हणजे स्टार्चमधून, तिने तो बनवला. साधं पिठूळ विहिरीतल्या उष्णतेत फुटतं, म्हणून त्याच्यात तिने बरेच फेरफार केले होते. आता प्रश्न एवढाच होता की, इतकं बदलल्यावर समुद्रातल्या जिवाणूंना ते अजून अन्न वाटतं का? त्याची परीक्षा ठरलेली होती. समुद्राच्या पाण्याच्या बंद बाटल्यांत नमुना घालायचा, अंधारात ठेवायचा, आणि अठ्ठावीस दिवसांनी बघायचं. शंभरातले साठ भाग खाल्ले गेले, तर पास.

दहा डिसेंबरला परवानगी देणारी समिती बसणार होती. उत्तरेकडे एक नवी विहीर खणायची होती, प्रवाळांच्या बागेपासून अर्ध्या मैलावर. तोवर तिरिलचा चिखल पास झाला नाही, तर तिथे जुनाच जाणार होता.

खरं तर काहीही मागे न ठेवणं तिला फार छान जमायचं. तिची आजवरची दोन प्रेमं इतकी स्वच्छ संपली होती, की कुणाच्या घरी कुणाचा मोजासुद्धा राहिला नव्हता. मैत्रिणी म्हणायच्या, किती समंजस गं तू! तिरिललाही तसंच वाटायचं. फक्त कधीकधी रविवारी दुपारी आपल्या नीटनेटक्या घरात बसलं, की तिला तो कॅमेऱ्यातला ढीग आठवायचा आणि मनात विचित्र विचार यायचा… निदान तिथे काहीतरी उरलं तरी होतं.

*

गुरुवारी बोदिलच्या खानावळीत कोम्ले असायचे. किसलेल्या बटाट्याचे मऊ गोळे, सोबत खारवलेलं मटण आणि वरून वितळलेलं लोणी. धक्क्यावरचे सगळेच गुरुवारी तिथे जेवायचे. तिरिलचं ऑफिस अर्ध्या तासावर, शहरात होतं. तरी तिला दर गुरुवारी प्रयोगशाळेच्या खिडकीवर देण्यासारखा कुठला ना कुठला कागद सापडायला लागला.

“आज काय?” सिग्वे विचारायचा.

“एक सही राहिली होती.”

“मागच्या गुरुवारीही एक सहीच राहिली होती.”

“माझं नाव लांबलचक आहे. हप्त्याहप्त्याने करते.”

आता मात्र तो हसायचा. हसला की त्याचा डावा डोळा उजव्याआधी मिटायचा, हे तिरिलच्या लक्षात आलं होतं. तो सावकाश जेवायचा, शेवटचा कोम्ला अर्धा करून न विचारता तिच्या ताटात सरकवायचा. कामाचं एक अक्षरही बोलायचं नाही, हे दोघांनी ठरवून टाकलं होतं. मग ते बाकी सगळं बोलायचे. त्याच्या वडिलांची मेंढरं, तिची बिघडलेली सायकल, बोदिलच्या तिसऱ्या लग्नाची अफवा…

“एक सांग,” एकदा तिने विचारलं, “इथे माझ्यासोबत बसून जेवणं तरी नियमात बसतं का?”

“तुझा डबा कुठला हे मला ठाऊक नाही, तोवर बसतं.”

“आणि कळलं तर?”

सिग्वेने काटा खाली ठेवला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “कळलं तर… बघू.”

तो ‘बघू’ तिरिलने घरी नेला आणि बरेच दिवस उलटसुलट करून पाहिला.

*

ऑक्टोबरच्या मध्यावर निकाल आला.

शंभरातले अकरा.

गाउते, तिचा साहेब, चष्मा कपाळावर चढवून कागदाकडे बघत राहिला. माणूस भला होता, म्हणून तर जास्त वाईट वाटत होतं. “तीन वर्षं, तिरिल,” एवढंच म्हणाला तो. “समितीला मी हे काय म्हणून दाखवू?”

“पुन्हा तपासू.”

“वेगळं काय होणार आहे पुन्हा?”

तिने आठवडाभर आपल्या वहीतलं पान न् पान तपासलं. कुठे चूक सापडेना. गुरुवारी ती बोदिलकडे गेली ती केवळ पाय तिकडे वळले म्हणून. सिग्वेने तिचा चेहरा पाहिला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. तो विचारू शकत नव्हता आणि ती सांगू शकत नव्हती. त्याने आपल्या ताटातला अख्खा कोम्ला तिच्या ताटात ठेवला.

तेवढ्यात बोदिल आतून ओरडत आली. “कालपासून किसलेले बटाटे उबेला विसरले मी! बघा, काय घाण सुटलीय!” ती एक पातेलं लांब धरून मागच्या दाराकडे पळाली. खानावळभर आंबूस, कुजका वास पसरला. लोकांनी नाकं दाबली, हसले, खिडक्या उघडल्या.

तिरिल मात्र नाक न दाबता बसून राहिली. तो वास तिला चांगला ओळखीचा होता. फलाटावर वरवरच्या कामाला साध्या पिठुळाचा चिखल असायचा; तो दोन दिवस पडून राहिला की अगदी असाच वास सुटायचा. म्हणून तर रोज सकाळी कामावर आल्या आल्या पहिलं काम असायचं…

“अगं बाई,” ती पुटपुटली.

“काय?”

“तो डबा. इथे आणण्याआधी माझ्या गाडीत चार दिवस पडून होता. उन्हात! आणि त्याला वास आला नाही. का नाही आला?” तिने सिग्वेचं मनगट घट्ट धरलं. “कारण मी त्याच्यात थेंब घातले होते! जंतुनाशकाचे दोन थेंब! फलाटावर चार वर्षं रोज सकाळी घालायचे. चिखल कुजू नये म्हणून घालतातच सगळे. हात आपोआप जातो रे बाटलीकडे, वहीत लिहायचंही सुचत नाही! मीच जेवणात विष कालवलं आणि मग रडत बसले, की पाहुणे जेवले नाहीत म्हणून!”

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तिला पर्वा नव्हती. “चूक चिखलाची नाही, सिग्वे! माझी आहे! केवढी मूर्ख आहे मी!”

सिग्वे हसला नाही. त्याने आपलं मनगट सोडवून घेतलं नाही, पण त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“अकरा,” तो अगदी हळू म्हणाला. “तो पांढरा, पेजेसारखा नमुना. तो तुझा होता.”

तिरिलने तोंडावर हात ठेवला. “मी… मी बोलून बसले.”

“हो.”

“आता?”

तो उठला. जेवण अर्धवट होतं. कोट घातला, टोपी हातात घेतली, दारापर्यंत गेला, पुन्हा माघारी आला. “नवा नमुना लवकर दे,” म्हणाला. “थेंब न घालता.” आणि निघून गेला.

*

सोमवारी तिरिलने नवा डबा खिडकीवर दिला. या वेळी तो बर्फात ठेवून आणला होता आणि जंतुनाशकाची बाटली तिने शनिवारीच कपाटात कुलूप लावून ठेवली होती. मंगळवारी प्रयोगशाळेचं पत्र आलं. नमुना मिळाला; मात्र तपासनीस सिग्वे यांनी या कामातून स्वतःला बाजूला केलं आहे. दुसरी व्यवस्था झाल्यावर कळवू. न झाल्यास नमुना बर्गनच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल.

बर्गनला! तिथली रांग जानेवारीपर्यंत होती. दहा डिसेंबर तोवर केव्हाच उलटून गेला असता.

तिने लगेच फोन लावला.

“तू अंग काढून घेतलंस?”

“तिरिल, मला तुझ्याशी यावर बोलता येणार नाही. कागद पुढे गेलाय.”

“कसला कागद? माझी तीन वर्षं आहेत रे त्या डब्यात! अठ्ठावीस दिवस बाटल्यांकडे बघायचं एवढंच तर काम तुझं. आणि नेमकं आत्ता तुला—”

“थोडं थांब. दोन-तीन दिवस.”

“पळपुटा आहेस तू,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला राग आला होता हे खरं. पण रागाखाली दुसरंच काहीतरी दुखत होतं. अर्धा कोम्ला ताटात सरकवणारा माणूस असा वागेल असं तिला वाटलं नव्हतं.

शुक्रवारी गाउते तिच्या टेबलाशी आला. चष्मा कपाळावर नव्हता, नाकावर होता, आणि कान लाल झाले होते.

“प्रयोगशाळेकडून आलंय. कंपनीच्या नावाने, म्हणून मी उघडलं. तपासनिसाने बाजूला होण्याचं कारण द्यावं लागतं, त्याची प्रत आपल्याला पाठवतात.” तो घुटमळला. “मी आधी सगळं वाचलं… मला वाटतं, हे तू बसूनच वाच.”

छापील फॉर्म होता. रकाने, चौकोन, खाली सहीची जागा. हस्ताक्षर बारीक आणि नीट.

एक. नमुना: क-३१ व त्याच पदार्थाचा नवा नमुना.

दोन. ग्राहकाशी नातेसंबंध आहे काय? होय.

तीन. स्वरूप: ‘नातेवाईक’, ‘आर्थिक’, ‘मैत्री’ हे तिन्ही चौकोन कोरे होते. ‘इतर’वर खूण. पुढच्या ओळीत लिहिलं होतं: नमुना बनवणारीवर माझं प्रेम आहे. चार सप्टेंबरपासून, सकाळी सुमारे सव्वासातपासून. त्या वेळी तिने माझ्या पाण्यात कॉफी ओतली.

चार. समोरच्या व्यक्तीला याची कल्पना आहे काय? नाही. या प्रतीवरून कळेल.

पाच. संबंध किती काळ राहण्याची शक्यता आहे? सांगता येत नाही. माझ्या बाजूने बराच.

सहा. आधीच्या तपासणीवर परिणाम झाला काय? नाही. तेव्हा नमुना कुणाचा हे ठाऊक नव्हतं. निकाल अकरा आला आणि मी अकराच लिहिला.

सात. ग्राहकाचे म्हणणे: ……

खाली प्रयोगशाळेच्या प्रमुख गुद्रुन यांचा शेरा होता: मंजूर. तपासणी मी स्वतः करीन. माझी रजा गेली.

तिरिलने कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट दिसेनात.

“मला वाटतं,” गाउते खिडकीबाहेर बघत म्हणाला, “आज तुझं इथे फारसं काम नाहीये.”

*

सिग्वे धक्क्याच्या टोकाला बसला होता. बादली नव्हती, दोरी नव्हती. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने ते खिशांत घातले होते.

“असं सांगतात का कुणी?” तिरिलने लांबूनच विचारलं.

“फॉर्ममध्ये तेवढीच ओळ होती.”

“माझ्या साहेबाने वाचलं! माझ्या आधी!”

“तपासणीला येणारे अधिकारीही वाचतील. दहा वर्षं जपून ठेवावा लागतो तो.”

“दहा वर्षं!” ती त्याच्या शेजारी बसली. पाऊस नव्हता, पण धक्का ओला होता आणि ओल तिच्या कपड्यांतून आत झिरपत होती. “फोनवर सांगता आलं असतं. बोदिलकडे सांगता आलं असतं. मी तुला नको नको ते बोलले…”

“आधी तुला सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, दोघांनी मिळून ठरवलं. आणि न सांगता मीच बाटल्या उघडल्या असत्या, साठाच्या वर आकडा आला असता, तर केव्हातरी कुणीतरी म्हणालंच असतं, तिचाच माणूस होता तिथे.” तो बोलताना पाण्याकडे बघत होता. “तुझी तीन वर्षं माझ्यामुळे कुणी खोटी ठरवलेली मला चालली नसती. म्हणून आधी कागद, मग तू. क्रम चुकला असेल माझा.”

“नाही चुकला,” ती म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली, “नाही चुकला रे.”

त्या बाटल्या उघडण्याचा दिवस त्याला किती आवडतो, हे त्याने तिला सप्टेंबरमध्येच, ठरलेला नियम एकदाच मोडून, सांगितलं होतं. या कामात तेवढाच काय तो आनंदाचा दिवस असतो, म्हणाला होता. तो दिवस त्याने तिच्यासाठी सोडून दिला होता.

“सातवा रकाना मी कोरा ठेवलाय,” ती म्हणाली.

“बरं.”

“तो नकार नाहीये.”

“बरं.”

“सारखं बरं बरं काय म्हणतोस! ऐक… मी ज्याला हात लावते ना, सिग्वे, ते नाहीसं होतं. तेच शिकलेय मी. काही उरायला नको, कुणाला त्रास नको. माणसांच्या बाबतीतही तसंच झालंय आजवर. मला भीती वाटते की तुझंही तेच होईल. मला अठ्ठावीस दिवस दे.”

सिग्वेने पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. “अठ्ठावीसच?”

“तुमचीच पद्धत आहे ना?”

“पद्धत चांगली आहे,” तो म्हणाला. “पण बाटली अंधारात ठेवावी लागते. हलवायची नाही, उघडायची नाही.”

“मी काही बाटली नाहीये. गुरुवारी कोम्ले खायला येणार आहे मी.”

*

नोव्हेंबर आला आणि दिवस तोकडे झाले. गुद्रुनबाई बाटल्यांच्या खोलीची किल्ली गळ्यात घालून फिरायच्या. सिग्वे समोर दिसला की किल्ली स्वेटरच्या आत टाकायच्या.

“मी मागितली का?” तो म्हणायचा.

“तुझे डोळे मागतात,” त्या म्हणायच्या.

दर गुरुवारी कोम्ले. एका रविवारी त्याच्या वडिलांची मेंढरं बघायला, तर एका शनिवारी वाऱ्यात समुद्रकाठच्या गोट्यांवरून चालायला. गोट्यांवर ती घसरली, त्याने हात धरला, आणि पुढे सपाट वाळू लागली तरी हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही. एकदा त्याची लोकरीची टोपी तिच्या घरी राहिली. तिरिल सवयीने ती पिशवीत घालायला गेली, परत करायला. मग थांबली. टोपी पुन्हा खुंटीवर अडकवली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. खुंटीवर ती चांगली दिसत होती. चार दिवसांनीही चांगलीच दिसत होती. मग तिच्या शेजारी त्याचा मफलर आला आणि खिडकीत समुद्रकाठचा एक करडा गोटा येऊन बसला. घर पूर्वीइतकं नीटनेटकं राहिलं नाही. तिरिल वाट बघत राहिली, की आता आपल्याला याचा जाच वाटेल, मग वाटेल… तिसरा आठवडा संपला. रविवारची दुपार आली आणि गेली, आणि तिला तो ढीग आठवला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी ती आठच्या आधीच धक्क्यावर पोचली. पाऊस बाजूने येत होता. गुद्रुनबाईंनी सिग्वेला बाहेर पिटाळलं. ऐकू येणार नाही इतकं लांब, अगदी धक्क्याच्या टोकाला. मग दार लावून घेतलं.

आत बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या. गुद्रुनबाईंनी चष्मा पुसला, मोजणी पुन्हा एकदा केली, आणखी एकदा केली. तिरिल एकेक बाटली डोळ्यांनी मोजत होती. तीन वर्षं, एक ढीग, प्रवाळांची एक बाग, आणि एका माणसाने सोडलेला आनंदाचा दिवस.

“त्र्याहत्तर,” गुद्रुनबाई म्हणाल्या.

तिरिलने वाकून पहिली बाटली जवळून पाहिली.

“चांगलं खाल्लंय पोरांनी,” बाटल्यांकडे बघत बाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून रोखून पाहिलं. “दुपारी सही होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. त्यालाही नाही.”

तिरिल बाहेर आली. धक्का संपता संपेना. सिग्वेने तिला येताना पाहिलं आणि पटकन समुद्राकडे तोंड फिरवलं.

“सांगू नकोस,” तो म्हणाला.

“सांगतच नाहीये.”

“तुझा चेहरा सांगतोय.”

“चेहऱ्यावर पाऊस आहे.” ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि कोटाच्या आतून घडी घातलेला कागद काढला. “हा घे. हा तुझ्यासाठी आहे. याच्यावर सही झालीय.”

त्याने कागद पावसापासून जपत उलगडला. तोच फॉर्म होता. एक ते सहा त्याच्या बारीक अक्षरात. सातव्या रकान्यात, ग्राहकाच्या म्हणण्यापुढे, तिरिलने लिहिलं होतं:

अठ्ठावीस दिवस झाले. रोज बघत होते. काहीच कमी झालेलं नाही.

सिग्वे ती ओळ वाचत राहिला. तपासनीसच तो, सवयीने त्याने मनातल्या मनात आकडा लावला असणार.

“शून्य,” तो म्हणाला. “म्हणजे… नापास.”

“साफ नापास,” तिरिल म्हणाली. “राहणार बहुतेक हे. तुझी हरकत आहे का?”

त्याने कागदाची घडी घातली, छातीच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं, आणि मग तिला जवळ घेतलं. त्याचा रेनकोट गार आणि ओला होता. त्याच्या मानेजवळ तोंड लपवून तिरिल हसत होती, रडत होती, आणि त्र्याहत्तर हा आकडा ओठांवर येऊ नये म्हणून दात घट्ट आवळून धरत होती.

मग तिने थर्मास उघडला. कॉफी तोवर गार झाली होती. पण गुद्रुनबाई खिडकीतून बघत होत्या आणि खाली त्यांच्या बाटल्यांसाठीचं पाणी होतं. दोघांनी एकाच झाकणातून ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.